‘अनटायडिली’ म्हणजे नेमके काय?



जुलै महिना आला की इंग्लंडातल्या आपल्या बहुतेक घरांत शाळेचे वार्षिक प्रगतिपत्रक येते. गणित कसे आहे, वाचन कसे आहे हे पाहून झाले की नजर जाते ती शिक्षकांच्या शेऱ्याकडे. तिथे दोन-तीन कौतुकाच्या वाक्यांनंतर एखादे वाक्य हळूच येते: ‘ही ऑफन प्रेझेंट्स हिज वर्क अनटायडिली.’ घरी त्याचे मराठी होते ते असे: ‘बघ, टीचरसुद्धा म्हणतात तू गबाळा आहेस!’

शिक्षकांनी असे म्हटलेले नसते. त्यांनी कामाच्या मांडणीबद्दल लिहिलेले असते, मुलाबद्दल नाही. दोन्हींत फरक आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. या वेळच्या शब्दार्थात आम्ही ‘अनटायडिली’ हा एकच शब्द घेतला आहे. त्याचा अर्थ, त्याचे कूळ, वाक्यातली त्याची जागा, त्याची भावंडे आणि मराठीत त्याला काय म्हणावे, हे सारे क्रमाने पाहू.

उच्चार आणि स्पेलिंग

उच्चार ‘अन्-टाय्-डि-लि’ असा चार तुकड्यांत होतो आणि जोर ‘टाय्’वर येतो. आपण मराठी माणसे सगळ्या अक्षरांवर सारखाच भार देऊन बोलतो, त्यामुळे असे लांब शब्द ऐकणाऱ्याला पटकन उमगत नाहीत. दुसऱ्या तुकड्यावर जोर द्यावा आणि शेवटचे दोन भराभर उच्चारावेत.

स्पेलिंगमध्ये एक खाच आहे. मूळ शब्द ‘टायडी’. त्याला पुढून ‘अन’ लागला की ‘अनटायडी’ हे विशेषण होते. त्याचे क्रियाविशेषण करताना शेवटचा वाय जातो, त्याजागी आय येतो आणि मग एल-वाय लागतात. ‘हॅपी’चे ‘हॅपिली’, ‘ईझी’चे ‘ईझिली’, ‘हेवी’चे ‘हेविली’ होते तोच हा नियम. मुलांना एकदा असा गट करून दाखवला की पुन्हा सांगावे लागत नाही.

अर्थ

‘अनटायडिली’ म्हणजे नीटनेटकेपणा न ठेवता, वस्तू किंवा अक्षरे जागच्या जागी नसताना, विस्कळीतपणे. एखादी कृती कशी झाली किंवा एखादी गोष्ट कशा स्थितीत पडली आहे, हे तो सांगतो. पुस्तके रचली, पण एक आडवे, एक उभे, एक उलटे. शर्ट घातला, पण निम्मा आत आणि निम्मा बाहेर. निबंध लिहिला, पण ओळी तिरक्या आणि खाडाखोड भरपूर. या तिन्ही ठिकाणी हा शब्द चालतो.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ‘अनटायडी’ म्हणजे घाण नव्हे. खोलीत धुळीचा कण नसेल, गालिचा कालच झाडलेला असेल, तरी खेळणी आणि कपडे पसरले असतील तर ती खोली ‘अनटायडी’. उलट, सगळे जागच्या जागी असेल पण ओट्यावर तेलकट थर असेल तर ते स्वयंपाकघर ‘डर्टी’, ‘अनटायडी’ नाही. मराठीत आपण रागाच्या भरात दोन्हींना एकच वाक्य वापरतो: ‘काय घाण करून ठेवली आहेस ही!’ मूल हे वाक्य शाळेत इंग्रजीत सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला घर अस्वच्छ असल्यासारखे वाटते. भाड्याचे घर सोडतानाही हा फरक कामाला येतो. घरमालकाच्या तपासणीत ‘अनटायडी’ लिहिले असेल तर प्रश्न आवराआवरीचा असतो, ‘डर्टी’ लिहिले असेल तर सफाईचा. उत्तर देण्याआधी कोणता शब्द वापरला आहे ते पाहावे.

शब्दाचे कूळ

‘टायडी’चा जन्म ‘टाइड’ या शब्दातून झाला. आज ‘टाइड’ म्हणजे समुद्राची भरती-ओहोटी, पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता वेळ, काळ. नाताळच्या दिवसांना ‘यूलटाइड’ म्हणतात त्यात हा जुना अर्थ अजून जिवंत आहे. त्यामुळे ‘टायडी’चा पहिला अर्थ होता ‘वेळेवर होणारे’, ‘हंगामात आलेले’. वेळेवर आलेले ते चांगले, चांगले ते नीट, आणि नीट ते व्यवस्थित, असा प्रवास करत तो आजच्या अर्थाला पोचला. ‘अनटायडी’ही मध्ययुगीन इंग्रजीत आधी ‘अवेळी’, ‘अनुचित’ अशा अर्थाने येत असे.

आपल्याला हे परके वाटू नये. आपल्याकडेही घर आवरण्याचे सूत्र ‘जिथल्या तिथे आणि जेव्हाचे तेव्हा’ असेच सांगतात. त्यातले ‘जिथल्या तिथे’ म्हणजे आजचे ‘टायडी’ आणि ‘जेव्हाचे तेव्हा’ म्हणजे त्याचा जुना अर्थ.

‘टायडी’ला आणखीही काही अर्थ आहेत. ‘अ टायडी सम’ म्हणजे बऱ्यापैकी मोठी रक्कम. दक्षिण वेल्समध्ये बोलण्यात ‘टायडी’ म्हणजे ‘छान’, ‘झकास’. कार्डिफकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना कुणी जेवणानंतर ‘टायडी!’ म्हटले तर ते पानाच्या स्वच्छतेचे कौतुक नव्हे, जेवण आवडल्याची पावती आहे.

वाक्यात जागा कोणती?

क्रियाविशेषण वाक्यात कुठे ठेवायचे, इथे आपण मराठी भाषक बरेचदा अडखळतो. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि ‘कसे’ हे सांगणारा शब्द त्याच्या आधी येतो. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचे कर्म एकमेकांना चिकटून राहतात. म्हणून:

‘शी रोट अनटायडिली द लेटर’ हे चूक.
‘शी रोट द लेटर अनटायडिली’ हे बरोबर.

मात्र विशेषणासारख्या वापरलेल्या रूपाआधी हा शब्द पुढे येतो: ‘अनटायडिली ड्रेस्ड’, ‘अनटायडिली स्टॅक्ड बॉक्सेस’, ‘अनटायडिली पार्क्ड कार्स’.

दुसरी अडचण ‘अनटायडी’ की ‘अनटायडिली’ ही. ‘लुक’, ‘सीम’, ‘बी’ अशा क्रियापदांनंतर विशेषण येते, कारण तिथे आपण वस्तूबद्दल बोलत असतो: ‘द रूम लुक्स अनटायडी.’ इथे ‘अनटायडिली’ म्हणू नये. ‘लीव्ह’चेही तसेच. ‘ही लेफ्ट द रूम अनटायडी’ म्हणजे त्याने खोली विस्कटलेल्या अवस्थेत सोडली. पण ‘हिज बुक्स वेअर लाइंग अनटायडिली ऑन द फ्लोअर’ यात पडून राहण्याची रीत सांगितली आहे, म्हणून तिथे ‘अनटायडिली’.

एक सोपी कसोटी अशी. मराठीत ‘कसा, कशी, कसे आहे?’ असे विचारून उत्तर मिळत असेल तर ‘अनटायडी’. ‘कशा रीतीने केले?’ असे विचारून उत्तर मिळत असेल तर ‘अनटायडिली’.

भावंडे आणि चुलत भावंडे

इंग्रजीत या अर्थाच्या आसपास बरेच शब्द आहेत. ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत आणि त्यांचा तिखटपणाही सारखा नाही.

मेसिली: पसारा किंवा सांडलवंड करत. लहान मूल डाळभात खाताना तोंडाला, हाताला, टेबलाला लावून घेते ते ‘मेसिली’. ‘मेस’ हा शब्द आपल्याला वेगळ्या ओळखीचा आहे. पुण्यात शिकायला राहिलेल्यांनी महिन्याची ‘मेस’ लावलेली असते, आणि लष्करात ‘ऑफिसर्स मेस’ असते. हा तोच शब्द. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ पानात वाढलेले अन्न. मग एकत्र कालवलेले अन्न, मग नुसता काला, आणि शेवटी गोंधळ. स्ट्रॉबेरी, साय आणि मरँग कालवून केलेल्या ‘ईटन मेस’ या गोड पदार्थात दोन्ही अर्थ एकाच वाडग्यात आहेत. माणसांच्या संबंधांबद्दलही हा शब्द येतो: ‘द पार्टनरशिप एंडेड मेसिली’, म्हणजे भागीदारी भांडणतंट्यात संपली.

स्लॉपिली: ढिलाईने, मन न लावता. ‘स्लॉप’ म्हणजे सांडलेले पाणी, पातळ चिखल. यात नुसती अव्यवस्था नाही, ‘मेहनतच घेतली नाही’ असा ठपका आहे. म्हणून ‘अनटायडिली’पेक्षा हा बराच कडक. अमेरिकेत मात्र ‘अनटायडिली’ कमी ऐकू येतो आणि अक्षराबद्दल ‘मेसी’ किंवा ‘स्लॉपी’ सर्रास म्हणतात, त्यामुळे तिथे त्याची धार थोडी बोथट आहे.

हॅपहॅझर्डली: कोणतीही योजना नसताना, जसे जमेल तसे. ‘हॅप’ म्हणजे नशीब, जो ‘हॅपन’ आणि ‘परहॅप्स’ या शब्दांतही आहे. ‘हॅझर्ड’ हे मुळात फाशांच्या एका खेळाचे नाव. म्हणजे नशिबावर फासे टाकून केलेले काम. आपला ‘रामभरोसे’ याच्या अगदी जवळचा.

केअरलेसली: निष्काळजीपणे. ‘अनटायडिली’ डोळ्यांना दिसते, ‘केअरलेसली’ वृत्तीबद्दल बोलते. सुरेख अक्षरात लिहिलेल्या उत्तरातही निष्काळजीपणाची चूक असू शकते, आणि वेड्यावाकड्या अक्षरातले गणित अचूक असू शकते.

क्लम्झिली: धांदरटपणे, हातापायांचा मेळ नसताना. भारतातल्या इंग्रजीत दाटीवाटीने भरलेल्या पानाला किंवा भिंतीला ‘क्लम्झी’ म्हणण्याची पद्धत आहे. इथे ते कळत नाही. त्यासाठी ‘क्लटर्ड’ म्हणावे.

शॅबिली: हा सर्वांत फसवा. भारतातल्या शाळांत ‘शॅबी हँडरायटिंग’ असे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. इथे ‘शॅबी’ म्हणजे वापरून जीर्ण झालेले, विटलेले. मुद्दाम जुनाट दिसणाऱ्या फर्निचरच्या शैलीला ‘शॅबी शीक’ म्हणतात ते यावरूनच. आणि ‘दे ट्रीटेड हर शॅबिली’ म्हणजे ‘तिला हलकेपणाने, वाईट वागवले’. त्याचा पसाऱ्याशी काही संबंध नाही.

स्लोव्हनली: शेवटी एल-वाय असले तरी हे मुळात विशेषण आहे. गबाळा, अजागळ हा त्याचा अर्थ, आणि तो माणसालाही लागतो. याला पुन्हा एल-वाय लावणे कानाला बरे वाटत नाही, म्हणून ‘इन अ स्लोव्हनली वे’ असे म्हणतात. शिक्षक मुलांबद्दल हा शब्द सहसा वापरत नाहीत, कारण तो अपमानाकडे झुकतो.

हिगल्डी-पिगल्डी: अस्ताव्यस्त, उलटेसुलटे. इंग्रजीतले हे जोडशब्द आपल्या ‘वेडेवाकडे’, ‘सटरफटर’, ‘अघळपघळ’ यांच्या जातीचे आहेत आणि लहान मुलांना ते फार आवडतात.

तिखटपणाच्या क्रमाने लावायचे तर ‘अनटायडिली’ सर्वांत सौम्य, मग ‘मेसिली’, मग ‘केअरलेसली’, मग ‘स्लॉपिली’, आणि ‘स्लोव्हनली’ सर्वांत झोंबणारा. विरुद्ध अर्थाला ‘टायडिली’ आणि ‘नीटली’ हे दोन शब्द आहेत. कपड्यांच्या बाबतीत ब्रिटनमध्ये ‘स्मार्टली ड्रेस्ड’ म्हणतात. तिथे ‘स्मार्ट’ म्हणजे हुशार नव्हे, टापटीप.

मराठीत काय म्हणावे?

एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द शोधू गेलो तर निराशा होते. आपल्याकडे प्रत्येक जागेला वेगळा शब्द आहे आणि हीच आपली श्रीमंती.

वस्तू पसरल्या असतील तर अस्ताव्यस्त.
अक्षर असेल तर वेडेवाकडे, किरटे, गिचमिड.
केस असतील तर विस्कटलेले, पिंजारलेले.
कपडे असतील तर चुरगळलेले, चोळामोळा झालेले, गबाळे.
काम असेल तर कसेतरी, कसेबसे उरकलेले.
कारभार असेल तर ढिसाळ, भोंगळ.
गाड्या लावल्या असतील तर बेशिस्तपणे, आडव्यातिडव्या.
बोलणे असेल तर अघळपघळ. लिखाण असेल तर फाफटपसारा.

यातल्या ‘गबाळ’ या शब्दाचा अर्थ बोचके, सटरफटर सामान. ‘चंबूगबाळे आवरले’ या वाक्प्रचारात तोच आहे. ‘पसारा’ हा शब्द तर मुळात वाईट नाहीच. त्याचा अर्थ फक्त पसरलेले. मोठ्या उद्योगाचा पसारा असतो, विश्वाचाही पसारा असतो, आणि दिवाणखान्यातल्या लेगोचाही.

आता व्याकरणातली खरी गंमत. इंग्रजी ‘अनटायडिली’ क्रियेला चिकटतो. माणूस कोणीही असो, स्त्री असो वा पुरुष, एक असो वा अनेक, शब्द बदलत नाही. मराठीत मात्र ‘गबाळा’ म्हटले की तो मुलगा, ‘गबाळी’ म्हटले की ती मुलगी. आपले हे शब्द लिंग आणि वचनाप्रमाणे बदलतात आणि त्या ओघात कामावरून उडी मारून माणसावर जाऊन बसतात. ‘तिने अनटायडिली लिहिले’ याचे ‘ती गबाळी आहे’ कधी झाले ते बोलणाऱ्याला कळतही नाही.

मराठीत कामाबद्दलच बोलण्याची सोय नाही असे मात्र नाही. ‘कसेतरी’ हा शब्द पाहा: ‘वही कशीतरी भरली’, ‘कपडे कसेतरी घातले’, ‘निबंध कसातरी लिहिला’. हाही रूप बदलतो, पण वही, कपडे आणि निबंध यांच्याप्रमाणे बदलतो, मुलाप्रमाणे नाही. दोष मुलाला न चिकटता कामाला चिकटतो. ‘अव्यवस्थितपणे’ हा शब्दही आहे, पण तो घरात बोलायला फार जड. म्हणून आम्ही सुचवतो की ‘अनटायडिली’चे घरगुती मराठी ‘कसेतरी’ किंवा ‘नीट न मांडता’ असे करावे.

नमुन्याची वाक्ये

‘द चिल्ड्रन्स कोट्स वेअर हंग अनटायडिली.’ मुलांचे कोट कसेतरी अडकवले होते.
‘हर हेअर वॉज टाइड बॅक अनटायडिली.’ तिने केस कसेबसे मागे बांधले होते.
‘द बिन बॅग्ज वेअर लेफ्ट अनटायडिली ऑन द पेव्हमेंट.’ कचऱ्याच्या पिशव्या पदपथावर अस्ताव्यस्त टाकल्या होत्या.
‘ही सेट आउट हिज सम्स अनटायडिली, बट द आन्सर्स वेअर राइट.’ गणितांची मांडणी विस्कळीत होती, पण उत्तरे बरोबर होती.
‘द फाइल्स वेअर पाइल्ड अनटायडिली ऑन हिज डेस्क.’ त्याच्या टेबलावर फायलींचा आडवातिडवा ढीग होता.
‘द पेंट वॉज अप्लाइड अनटायडिली अराउंड द विंडोज.’ खिडक्यांभोवती रंग ओबडधोबड लावला होता.

चौथे वाक्य शिक्षकांच्या शेऱ्यांत वेगवेगळ्या रूपांत येते. त्यातला ‘बट’ नंतरचा भाग वाचायला विसरू नये.

शाळेचा शेरा वाचताना

‘प्रेझेंटेशन’ म्हणजे मांडणी. शीर्षकाखाली रेघ आहे का, तारीख लिहिली आहे का, समास सोडला आहे का, अंक एकाखाली एक आले आहेत का, हे त्यात पाहतात. इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या शेवटी लेखनाचे मूल्यमापन होते. भरभर लिहितानाही जोडाक्षरी, म्हणजे ‘जॉइन्ड-अप’, हस्ताक्षर वाचता येण्याजोगे राहते का, हाही त्याचा एक निकष आहे. ‘वाचता येण्याजोगे’ हे शब्द महत्त्वाचे. मोत्यासारखे अक्षर असलेच पाहिजे, अशी अट नाही. काही शाळांत अक्षर सुधारले की मुलाला ‘पेन लायसन्स’ देतात आणि पेन्सिलीवरून पेनावर जाऊ देतात. आपण लहानपणी कित्ता गिरवत होतो, त्याचाच हा इथला अवतार.

असा शेरा आला तर आधी तीन साध्या गोष्टी पाहाव्यात. मुलाला फळा आणि वही नीट दिसते का? डोळे तपासले आहेत का? मूल डावखुरे आहे का? डावखुऱ्या मुलाचा हात ओल्या शाईवरून फिरतो आणि अक्षर फासले जाते. वही थोडी उजवीकडे कलती ठेवली की बराच फरक पडतो. त्याला उजव्या हाताने लिहायला भाग पाडू नये. आणि तिसरे, वेळ कमी पडतो का? डोक्यातले विचार हातापेक्षा वेगाने धावत असतील तर अक्षर मागे राहते.

वर्षामागून वर्ष हाच शेरा येत असेल, आणि त्याचबरोबर बुटाच्या नाड्या बांधणे, काटा-सुरीने खाणे, चेंडू झेलणे हेही मुलाला जड जात असेल, तर तो आळस असेलच असे नाही. ‘डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर’ या नावाची एक अडचण असते. तिला बोलण्यात ‘डिस्प्रॅक्सिया’ म्हणतात. त्यात मुलाच्या बुद्धीला काही झालेले नसते, पण हालचालींचा मेळ बसायला त्याला इतरांपेक्षा जास्त कष्ट पडतात. इंग्लंडमधल्या शाळांत विशेष गरजांचे काम पाहणारे शिक्षक असतात, त्यांना ‘सेन्को’ म्हणतात. आधी त्यांच्याशी बोलावे, मग घरच्या जीपीशी. गरज असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवले जाते. अमेरिकेत हीच विचारणा पालकांनी शाळेकडे लेखी करावी. निदान करणे आपले काम नाही आणि या लेखाचेही नाही. पण ज्याला अक्षर काढताना खरोखर त्रास होतो त्या मुलाला वर्षानुवर्षे ‘गबाळा’ म्हणत राहिलो तर त्याची अडचण कोणाच्या लक्षातच येत नाही. अशा मुलाला मदत मिळायला उशीर होतो, तो एका चुकीच्या शब्दामुळे.

कचेरीत

मोठ्यांनाही हे शब्द भेटतात. वार्षिक आढाव्यात ‘डॉक्युमेंटेशन वॉज अनटायडी’ लिहिले असेल तर मांडणी सुधारली की काम भागते. ‘डन स्लॉपिली’ लिहिले असेल तर वरिष्ठांना आपण मन लावून काम करत नाही असे वाटते आहे. तेव्हा गप्प न बसता कोणते काम, कोणता भाग हे विचारून घ्यावे. आणि आपण स्वतः दुसऱ्याच्या कामाबद्दल लिहिताना ‘शॅबी’ हा शब्द टाळावा. आपल्याला ‘जरा विस्कळीत’ म्हणायचे असते, समोरच्याला ‘भिकार’ ऐकू येते.

समर्थांचा धडा

नीटनेटकेपणा ही काही इंग्रजांनी आपल्याला शिकवलेली गोष्ट नाही. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी दासबोधाच्या १९ व्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, ओळी मोत्यांच्या माळांसारख्या चालाव्यात, भोवती जागा सोडावी, पहिले अक्षर जसे तसेच शेवटचे असावे, असे ते सांगतात. तरुणपणी फार बारीक लिहिले तर म्हातारपणी ते वाचता येणार नाही, म्हणून मध्यम आकार ठेवावा, असा व्यवहारी सल्लाही आहे. यात सारा भर ‘कसे लिहावे’ यावर आहे. बरू कसा, कागद कसा, ओळ कशी. म्हणजे तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी मराठीत क्रियाविशेषणाचाच धडा दिला गेला होता.

त्याच काळात मोडी लिपीही जोरात होती. हात न उचलता, भरभर लिहिण्याची ती लिपी. सवय नसलेल्या डोळ्याला मोडीचे पान गिचमिड दिसते, पण जाणकाराला त्यातली शिस्त दिसते. कधी कधी ‘अनटायडी’ हे पानात नसून पाहणाऱ्याच्या डोळ्यात असते, हेही ध्यानात असू द्यावे.

शेवटी एवढेच

परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांची मराठी शिदोरी लहान असते. दिवसभर इंग्रजी, आणि मराठी फक्त घरात, जेवताना, निजताना आणि रागावताना. त्या शिदोरीत ‘गबाळा’, ‘घाणेरडा’, ‘आळशी’ हेच शब्द जास्त भरले गेले तर मराठी ही त्यांच्यासाठी रागाची भाषा होऊन बसते. मग मोठेपणी ती बोलावीशी का वाटेल? त्यापेक्षा ‘हे पान कसेतरी झाले आहे, पुन्हा नीट मांडूया’ असे म्हणावे. वाक्य थोडे लांब होते, पण त्यात मुलाला पुढे काय करायचे ते कळते, आणि ‘नीट’, ‘मांडणे’, ‘पान’ असे तीन चांगले मराठी शब्दही त्याच्या पदरी पडतात.

येत्या जुलैत प्रगतिपत्रक घरी आले की शेऱ्यातले एल-वाय शेपूट आवर्जून शोधा. ते शेपूट दिसले की समजावे, शिक्षक कामाबद्दल बोलत आहेत.

आपल्या घरी अशा शब्दांना काय म्हणतात, वऱ्हाडात, कोकणात, खानदेशात, गोव्यात कोणते शब्द आहेत, ते आम्हांला जरूर कळवा. पुढच्या शब्दार्थात आपण ते सर्वांसमोर ठेवू.